नाव बेथलेहेमात, पोट नाझरेथात



दिवाळी सरली की आपल्या चर्चमधले मागचे बाक रिकामे होतात. मुखेड, कंधार, जळकोटकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नाताळची गव्हाणी आपण त्यांच्याविनाच सजवतो.

त्या गव्हाणीमागे एक सरकारी यादी आहे, हे आपण विसरतो. संत लूक सांगतो की, कैसराने नावनोंदणीचा हुकूम काढला. योसेफ पोटासाठी नाझरेथात, पण त्याचे नाव बेथलेहेमात. दिवस भरलेल्या मरियेला घेऊन तो शंभराहून अधिक किलोमीटर गेला. त्या यादीत त्याला कोणी काही विचारणार नव्हते. आपल्या यादीतल्या माणसाला मात्र विचारले जाते, राज्य कोणी करावे?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसोबत नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. कित्येक टोळ्या तोपर्यंत बाहेर पडल्या होत्या. लोकसभेचा निकाल लागला १,४५७ मतांनी. टोळीत पंचवीस माणसे धरली, तर साठ टोळ्यांची मते याहून जास्त होतात. कोण जिंकले, हा माझा विषय नाही.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकलो. माणूस स्वभावतःच नगरात राहणारा, असे तो मानत असे. आणि हातांनी राबणाऱ्याला नागरिक करू नये, असेही त्याचेच मत. आपला कायदा त्याच्यापेक्षा उदार आहे. काही काळ गाव सोडले म्हणून यादीतला हक्क जात नाही, हे १९५० च्या कायद्यातच आहे. मतदानाच्या दिवशी मजुराला पगारी सुट्टीही आहे. पण टनावर मजुरी घेणाऱ्याला, तीही उचलीत वळती होणाऱ्याला, सुट्टी कसली? सैनिकाला टपालाने मत देता येते, उसाच्या फडातल्या माणसाला नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दूरच्या मतदानाचे यंत्र पक्षांना दाखवायला बोलावले. एकमत झाले नाही, २०२४ मध्ये ते आले नाही.

मग उमेदवाराची गाडी येते. एकाने मला विचारले, “फादर, त्यांच्या गाडीतून आलो तर मत त्यांनाच द्यावं लागतं का?” मी म्हणालो, “भाडं त्यांचं, मत तुमचं.” मतदाराला फुकट वाहन पुरवणे हा उमेदवाराचा गुन्हा आहे, हेही सांगितले. पण माझे उत्तर मलाच टोचत राहिले. गाडी भरणारा त्याचाच मुकादम होता, आणि पुढच्या वर्षीची उचलही त्याच्याकडूनच घ्यायची होती. मतदान हे नैतिक कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. एसटीचे तिकीट ज्याला परवडते, त्याला ती शिकवण ऐकायला सोपी जाते.

आपल्यातही ठेकेदार आहेत, वीटभट्टीवाले आहेत. मतदानाच्या दिवशी तुमच्या मजुराचा खाडा धरू नका. जे पुण्यात, हैदराबादेत कायमचे स्थायिक झाले, त्यांनी नमुना ८ भरून नाव तिकडे न्यावे. हंगामी जाणाऱ्यांनी नाव इथेच ठेवावे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपले युवक मतदार यादी घेऊन व्हरांड्यात बसतील. ओळखपत्र आणा. टोळीत गेलेल्यांची ओळखपत्रे घरी म्हाताऱ्यांकडे असतील, तीही आणा.

तुमचे धर्मगुरू