हट्टाचे साक्षीदार

हट्टी मुलाचं काय करायचं, याचं आपल्याकडचं जुनं उत्तर वयाच्या हिशेबात आहे. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार, सोळाव्या वर्षापासून मैत्री. चाणक्याच्या नावावर खपणारं हे गणित आजही लोक ठासून सांगतात. त्यात मुलाचं वय आहे, बापाचं कर्तव्य आहे. पण हे सगळं कुणासमोर चाललं आहे, हा मुद्दाच नाही. कार्यालयात पंगत बसलेली असताना पोरानं भोकाड पसरलं, की आई-बापांना मात्र लोकांच्या नजरेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

‘श्यामची आई’ आपण मायेचं पुस्तक म्हणून वाचतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात पोहायला जायच्या भीतीनं श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीनं चांगला फोडून काढते. नंतर आवडीचं दहीही देते. मारण्याचं कारण काय, तर आपल्या मुलाला जगानं भित्रा म्हणू नये. त्या माऊलीच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तिच्या हातातल्या शिंपटीला गावाच्या नजरेचंही बळ होतं, हे मान्य करायला हवं.

त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी लहान मुलांच्या रागाचा अभ्यास केला. त्यांनी आयांनाच नोंदी ठेवायला लावल्या: मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ, मोठ्यांनी काय केलं. १९३१ साली हा अभ्यास पुस्तकरूपानं आला. जेवणाच्या वेळेआधी, सर्दी-पडसं असताना, घरात पाहुणे असताना राग जास्त उसळतो, असं त्या नोंदींतून दिसलं. आपल्याकडचा लग्नाचा मुहूर्त आठवा. भूक, झोपमोड, टोचणारा जरीचा कुर्ता आणि गालगुच्चे घेणारे तीनशे पाहुणे. त्यात मूल बिघडलं, तर त्याला ‘लाडावलेलं’ म्हणायची आपल्याला फार घाई असते.

पुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो एका छोट्याशा टिपणात आहे. सी. डी. विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एकवीस महिन्यांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. जन्मापासून दीड वर्ष तो फार आजारी होता, म्हणून सगळ्यांनी त्याला तळहातावर जपलेलं. बरा झाल्यावरही झोपेपर्यंत कुणीतरी खोलीत बसायलाच हवं. ते माणूस उठलं की आकांत. रोज रात्री अर्धा तास ते दोन तास त्यात जायचे. मग ठरलं, की प्रेमानं निजवायचं, दार लावायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या रात्री पोरगं पाऊण तास रडलं. दहाव्या खेपेला हूं की चूं नाही, उलट हसलं. साधारण आठवड्यानं घरातल्या एका बाईंनी, आत्या म्हणा, मावशी म्हणा, त्याला निजवलं. तो रडला आणि त्यांच्यानं राहवलं नाही, त्या परत आत गेल्या. झालं! सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

रडणाऱ्या पोराला एकटं ठेवणं आजच्या अनेक आयांना पटणार नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण या हकिगतीनं हट्टाचा पत्ता बदलला. तोवर हट्ट बहुतेकदा मुलाच्या स्वभावात शोधला जायचा. आता तो मूल आणि मोठ्यांच्या देवाणघेवाणीत दिसू लागला. ऑरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी घराघरांत माणसं पाठवून ही देवाणघेवाण टिपली. आई काही सांगते, मूल किरकिर करतं, आई माघार घेते, किरकिर थांबते. मुलाला हवं ते मिळतं आणि आईला शांतता. म्हणजे मूल एकटंच बिघडत नाही. आईलाही माघारीची सवय लागत जाते.

आपल्याकडे मोठ्यांच्या वागण्याचा हा विचार वेगळ्या वाटेनं आला होता. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक माँटेसरीबाईंकडून जे शिकले, त्यात शिक्षा जशी नको होती तसं बक्षीसही नको होतं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला नेलं. छडी नको, हे आपण हळूहळू ऐकलं. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यानं शाळेतली मारहाण बेकायदा ठरवली. लाच नको, हे मात्र आपण कानाआड केलं. घरात धपाट्याच्या जागी चॉकलेट आलं, आणि चॉकलेटच्या जागी मोबाइल.

चारचौघांतल्या नजरेचाही रोख बदलला आहे. पूर्वी पोराला दोन ठेवून दिल्या नाहीत, तर लोक आई-बापांना नावं ठेवत. आज मॉलमध्ये हात उगारला, तर ठेवतात. दोन्ही वेळा निर्णय बघ्यांनीच घेतला. म्हणून घरी जो ‘नाही’ ठाम असतो, तो बिलिंग काउंटरवर मऊ पडतो. काउंटरशेजारी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चॉकलेटं मांडणाऱ्या दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून मोठ्या दुकानांना असे गोड-तेलकट जिन्नस काउंटरपाशी मांडायला मनाई आहे. आपल्याकडे ती लढाई एकट्या आईनं लढायची.

तिनं काय करावं? मूल शांत असताना, घरून निघण्याआधीच काय मिळेल नि काय नाही ते सांगावं. पोटात काहीतरी घालून न्यावं. आणि पेटलंच, तर त्याला उचलून बाजूला न्यावं, जवळ बसावं, कमी बोलावं. त्या क्षणी दिलेलं व्याख्यान मुलासाठी नसतं, ते रांगेतल्या लोकांसाठी असतं. स्वमग्न मुलाला गर्दी-गोंगाट सहन होत नाही तेव्हाही बाहेरून दृश्य असंच दिसतं, म्हणून परक्यांच्या पोराचं निदान उभ्या-उभ्या करू नये.

राहिले बघे. ‘अहो, द्या की त्याला, कशाला रडवताय’ म्हणत खिशातून गोळी काढणारे रेल्वेतले आजोबा प्रेमळच असतात. पण ते पुढच्या स्टेशनवर उतरून जातात आणि ती गोळी घरी महिनाभर पुरते. मदतच करायची असेल, तर रांगेत मागे असलेल्यानं तिची ट्रॉली धरावी आणि म्हणावं, ‘ताई, तुम्ही त्याला बाहेर घेऊन जा. तुमचा नंबर मी धरतो.’

असं म्हणणारे मला क्वचितच दिसले. सल्ला देणारे मात्र प्रत्येक रांगेत.