ड्युटीपुरती दोस्ती

झरी जामणी तालुक्यातल्या एका गावाला एसटीची मुक्कामी गाडी जायची. चालक पन्नाशीचे, वाहक तिशीतला. तो त्यांना दादा म्हणे, ते त्याला मास्तर. टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूचा रस्ता, अंधार पडला की माणूस दिसत नसे. गावात पोचल्यावर गाडीतच डबे उघडायचे आणि गाडीतच पाठ टेकायची.

जेवणाआधी मास्तर रोकड मोजायचा. तिकीट मशीनचा आकडा आणि हातातले पैसे जुळले नाहीत, तर फरक खिशातून भरायचा. एका रात्री पाचशे रुपये कमी भरले. दादांनी डबा तसाच झाकला, टॉर्च घेतला आणि सगळ्या सीटांखाली वाकून पाहिलं. शेवटी नोट वेबिलाच्या घडीत सापडली. दादांचे गुडघे धुळीने माखले होते, आणि ते मास्तरपेक्षा जास्त खूश झाले होते.

तरी मास्तरचं मत ठरलेलं होतं. तो म्हणाला, "दादा, वाईट नका मानू, पन ही दोस्ती ड्युटीपुरती हाय. ड्युटी बदलली का कोन कोनाचं?"

"असंन बा," म्हणत दादांनी भाकर मोडली. खरंच, इतक्या दिवसांत दोघं एकमेकांच्या घरी कधी गेले नव्हते.

नोव्हेंबर २०२१मध्ये एसटीच्या संपामुळे राज्यभरातले डेपो बंद पडले. महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा, ही मागणी होती. दोघंही संपाच्या मंडपात बसले. पगार थांबले, निलंबनाच्या नोटिसा निघू लागल्या. मास्तरच्या आईचं डायलिसिस चालू होतं. जानेवारीत तो कामावर हजर झाला.

मंडपात त्याच्या नावाने बोटं मोडली गेली. कोणी फितूर म्हणालं. दादा उठले. "मी कामावर जानार नाही. पन त्याच्या मायचं डायलिसिस हाय, हे मले मालूम हाय. तुमाले मालूम हाय काय? माह्यासमोर त्याले कोनी बोलाचं नाही."

संपात कोणाचं चुकलं, हे मी इथे ठरवणार नाही. मागणी खरी होती आणि आजारपणही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी आमनेसामने आल्या की माणसाची पारख होते, आणि ती पगाराच्या दिवशी कधीच होत नाही.

उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत रुजू व्हायला सांगितलं आणि संप मिटला. पहिला पगार हातात येताच दादा किराणा दुकानात गेले. संपभर उधारीवर घर चाललं होतं. दुकानदाराने वही फिरवून दाखवली. जानेवारीनंतरच्या सगळ्या ओळींवर काट मारलेली होती.

"मास्तर भरून जात होते. सांगू नोका म्हने, मंडपात दादाले मान खाली घालावी लागंल."

त्याच संध्याकाळी दादा पहिल्यांदा मास्तरच्या घरी गेले आणि पहिला हप्ता त्याच्यापुढे ठेवला. मास्तर हात मागे घेऊ लागला.

"घ्या मास्तर. उसने पैसे फिरवले नाही, तं उद्या तुमच्यासंग डबा खातानी घास उतरनार नाही मले."

मास्तरने पैसे घेतले, सवयीप्रमाणे दोनदा मोजले आणि बायकोला दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. दादा जेवूनच गेले.

हप्ते फिटले. पुढे ड्युट्याही वेगळ्या झाल्या, दादांना वणीकडचा रस्ता मिळाला, मास्तरला आर्णीकडचा. दादांच्या सुटीच्या दिवशी डायलिसिस आलं, तर मास्तरच्या आईला यवतमाळला दादाच घेऊन जातात.