जुळवून घ्या!

दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की चांगलंच होतं, असं मानणारा माणूस एक तर अविवाहित असतो, नाही तर त्यानं जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडून पाहिलेला नसतो.

आमच्या महाडच्या चुलतभावाकडे असा एक गेम आहे. नव्वदच्या दशकात कुणा चाकरमान्यानं गणपतीला येताना मुंबईहून आणलेला. जपानच्या फॅमिकॉमची नक्कल. 2021 च्या जुलैत महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा खालचा टीव्ही गेला आणि माळ्यावरचा गेम फुटक्या परातीशेजारी सुखरूप राहिला. मग भिंतभर नवा टीव्ही आला. पुतण्यानं पिवळी पिन पिवळ्या भोकात घातली, पांढरी पांढऱ्यात. पडदा निळा झाला आणि अक्षरं उमटली, 'नो सिग्नल'.

"गेम मेला," भावानं निदान केलं.

"टीव्हीच फालतू आहे," पुतण्या म्हणाला.

"माळा आवरा म्हणून मी कधीची सांगतेय," वहिनींनी मुद्द्याला हात घातला.

तोच गेम आम्ही पोलादपूरला आत्याकडे नेला. तिच्याकडे अजून पोटवाला, पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. त्याला लावल्याबरोबर मारिओ टुणटुण उड्या मारायला लागला. आता सांगा, दोष कुणाचा? गेमही धडधाकट, नवा टीव्हीही धडधाकट. छत्तीस गुण जुळलेलं जोडपं आठ दिवसांत माहेरी परतावं, तसला प्रकार.

याचं शास्त्र मोठं मजेशीर आहे. आपल्या दूरदर्शननं 625 ओळींचं चित्र पत्करलं. ते एका दमात काढत नाहीत. पंगतीत एक पान सोडून वाढत जावं आणि राहिलेल्यांना दुसऱ्या फेरीत वाढावं, तशा एक सोडून एक ओळी काढतात. सेकंदाला अशा 50 फेऱ्या. जपान-अमेरिकेत ओळी 525 आणि फेऱ्या साधारण 60. 1983 साली आलेल्या फॅमिकॉमनं त्यातही स्वतःची अक्कल चालवली. पानं सोडायची भानगडच नको. दर फेरीत 262 ओळी, त्याही त्याच त्या जागी! म्हणजे वाढप नियमाला सोडून, पण चित्र ठणठणीत स्थिर.

पोटवाला टीव्ही या वाढप्याची चौकशी करत बसत नाही. इशारा आला की ओळ काढायची, दुसरा इशारा आला की पुन्हा वर जायचं. फेऱ्या फारच वेगळ्या निघाल्या तर चित्र जिन्यासारखं वर सरकत राहतं. मग पाठीमागचा 'व्हर्टिकल होल्ड'चा कान पिळायचा. रंग परक्या पद्धतीचे असले तर तो रंगांवर पाणी सोडतो, पण काळं-पांढरं का होईना, दाखवतो. नवा टीव्ही शिकलेला. तो आलेलं चित्र आधी साठवतो, मोजतो, ठरल्या मापाशी ताडून बघतो. त्यातले काही सांभाळून घेतात, काही थेट 'नो सिग्नल' म्हणतात. म्हणजे पाहा, सिग्नल असतो, चांगला खणखणीत असतो. पण 'तुझं मला कळत नाही' असं म्हणायच्या ऐवजी हा म्हणतो, 'तू बोलतच नाहीस!'

बदकं मारायच्या बंदुकीची गंमत तर याहून न्यारी. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती नुसती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो वेळेवर दिसला की बदक मेलं. नवा टीव्ही हिशेब करण्यात क्षणभर उशीर करतो आणि बंदुकीला अंधार दिसतो. नेम बरोबर, वेळ बरोबर, बदक जिवंत! गीतेतलं फळाच्या अपेक्षेचं प्रकरण पुतण्याला मी या बंदुकीवरूनच समजावलं.

पण म्हणून पोटवाल्या टीव्हीची आरती ओवाळायचं कारण नाही. सगळीकडे जुळवून घेऊन चालत नाही. औषधाच्या दुकानदारानं डॉक्टरांच्या अक्षराशी जुळवून घेऊ नये. बँकेतल्या रोखपालानं तर मुळीच घेऊ नये. तिथे मला नवा टीव्हीच हवा. कळलं नाही तर निळा हो बाबा, पण अंदाजानं चित्र काढू नकोस.

दुसरंही एक आहे. जुना टीव्ही जुळवून घ्यायचा असं आपण म्हणतो खरं, पण त्याच्या पाठीमागे कुणीतरी वाकून तो कान पिळत असायचं आणि पुढून बाकीचे ओरडायचे, "आता बरं आहे, तसंच धरून ठेव!" त्या पाठीमागच्या माणसाला सिनेमा कधी दिसला नाही. आमच्या घरांतून ते माणूस बहुतेक बाईमाणूसच असायचं. आत्या सतरा वर्षांची लग्न होऊन पोलादपूरला आली, तेव्हा आजीनं कानात एकच मंत्र सांगितला होता, "जुळवून घे." तो तिनं साठ वर्षं जपला.

दोन वर्षांमागे तिला अर्धांगवायूचा झटका आला. शब्द तोंडात अडखळतात, भलत्याच क्रमानं बाहेर पडतात. भेटायला येणारे बिस्किटाचा पुडा ठेवतात, दोन मिनिटं ऐकतात आणि तिच्यासमोरच म्हणतात, "आता यांना काही बोलता येत नाही हो." जन्मभर जिनं सगळ्यांचे कान पिळून चित्र स्थिर ठेवलं, तिच्या वाट्याला निळा पडदा!

गेमच्या निमित्तानं पुतण्या तिच्याकडे चार दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी ती "दिवा... गोड... नको" असं काहीसं म्हणाली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तो उठला आणि बिनसाखरेचा चहा घेऊन आला. "दिवा म्हणजे चहा," तो म्हणाला, "कालपासून तसंच चाललंय."

सिग्नलला बिचाऱ्याला कळत नसतं, पलीकडे आपण कसे दिसतोय. त्यानं काय जुळवून घ्यायचं? ते काम घेणाऱ्याचं. आणि इतकी वर्षं आपण हा उपदेश नेमका उलट्या बाजूला करत आलो.