पूर, पाऊस आणि पी०१७१

गाडी आयडलिंगला थरथरते, मिसिंग मारते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की पी०१७१ असा कोड येतो: मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मग पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, कारण तक्रार त्याच्यामार्फत आलेली असते. प्रश्न वरकरणी गॅरेजचा असला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कशावरून खरे मानायचे याचा आहे. या कोडला आप्तवाक्य मानायचे की लिंग? आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जाणले तसे सांगू इच्छिणारा. लिंग म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान ज्यावरून करायचे ती खूण. कोड हे लिंगच आहे आणि त्याला आप्तवाक्याचा मान दिला की अनुमानाची आपली जबाबदारी आपण झटकतो, असे माझे म्हणणे आहे.

आप्ताच्या दोन्ही कसोट्यांवर कोड उतरत नाही. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून कोड नोंदवण्याची ही पद्धत सक्तीची झाली ती प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी. बिघडलेला भाग मेकॅनिकला दाखवून द्यावा, हा तिचा मुख्य हेतू नव्हता. आणि गाडीतल्या संगणकाने बिघाड पाहिलेलाही नसतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आढळला की तो पेट्रोल वाढवतो. ही वाढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की कोड नोंदवतो. मिसफायरच्या वेळीही ठिणगी त्याला दिसत नाही. क्रँकशाफ्टची गती क्षणभर अडखळते, त्यावरून कोणता सिलिंडर चुकला ते तो ठरवतो. म्हणजे कोड स्वतःच एका अनुमानाचा निष्कर्ष असतो, आणि तो कार्याविषयी बोलतो. त्या कार्याची कारणे अनेक असू शकतात. चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपातून जादा हवा शिरत असेल, थकलेला पंप पेट्रोल कमी देत असेल, किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा जोड गळत असेल.

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानावरचा हाच आक्षेप न्यायदर्शनाच्या न्यायसूत्रांनी फार पूर्वी विचारात घेतला. नदी फुगली म्हणजे वर पाऊस पडला, हे अनुमान. पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, विचारतो: पाणी अडवले तरी नदी फुगते, मग या अनुमानावर भरवसा कसा ठेवायचा? या सूत्रांवरचे वात्स्यायनांचे भाष्य उत्तर देताना खूण नीट उलगडते. नुसती पाण्याची वाढ पुरेशी नाही. प्रवाहाला ओढ हवी, पाणी फेसाळ हवे, त्यातून फळे, पाने, लाकडे वाहत यायला हवीत. अर्धवट खुणेवर विसंबणारा चुकतो, तेव्हा तो अपराध त्याचा असतो, अनुमानाचा नसतो. एकटा पी०१७१ ही नुसती पाण्याची वाढ आहे. फेस आणि पाने फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे संगणकाने पेट्रोल किती वाढवले किंवा घटवले त्याच्या, आकड्यांत सापडतात. ट्रिम आयडलिंगला जास्त आणि २,५०० आरपीएमला उतरत असेल, तर हवा कुठून तरी चोरवाटेने येते आहे. थ्रॉटल उघडल्यावर एकूण हवेत त्या चोरट्या हवेचा वाटा घटतो, म्हणून आकडा उतरतो. उलट चढावर, भार पडल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा लागतो.

यावर नैयायिकाचेच शस्त्र उलटवता येते. कृती सफळ झाली की ज्ञान खरे, असे तोच सांगतो. पहिल्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड पी०३०१ आला, त्याची कॉईल बदलली, गाडी सुरळीत चालू लागली. आता आणखी कसली मीमांसा? आक्षेप वजनदार आहे, पण सफळता नक्की कशाची हे त्यात ठरत नाही. कॉईल बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवावा लागतो. ढिला कनेक्टरच दोषी असेल, तर जुनी कॉईलही चालली असती आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया गेले. न्यायाच्या भाषेत हा उपाधी, म्हणजे नजरेआड राहिलेली खरी अट. तो ओळखायला नवा भाग लागतच नाही. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉईल्सची अदलाबदल करावी. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉईलबरोबर सरकला. पी०३०१ च राहिला, तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन बघावे. मिसिंगच थांबले, तर संशय कनेक्टरवर जातो. कारण असले तर कार्य असते, नसले तर नसते, हे पडताळणारा अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच.

अनुमानाला प्रमाण न मानणारा चार्वाक तरीही म्हणेल, की कितीही तपासा, एखादा उपाधी नजरेआड राहणारच. मग निश्चय कधी होणार? नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेची सीमा दाखवली आहे: स्वतःच्याच वागण्याशी विरोध येईपर्यंतच ती ताणता येते. चावी फिरवून इंजिन सुरू होण्याची वाट पाहणाऱ्याने कार्यकारणभाव आधीच मान्य केलेला असतो. प्रत्येक शंकेला उत्तर देणे मेकॅनिकला बंधनकारक नाही. जिला काही आधार आहे, त्या शंकेला देणे आहे. कॉईल टाकायला सांगताना कनेक्टर, प्लग आणि इंजेक्टर का वगळले, हे त्याला सांगता यायला हवे. ते सांगता येत नसेल, तर स्कॅनरने तसे दाखवले म्हणून बिल लावण्याचा अधिकार त्याला पोचत नाही.