लहान तोंडी मोठा घास

अधिकार नसताना मोठ्यांच्या विषयात बोलू पाहणाऱ्या मुलाला मराठी घरात ‘लहान तोंडी मोठा घास’ असे म्हणून गप्प केले जाते, आणि पुष्कळदा बोलणाराच आपले म्हणणे मांडण्यापूर्वी याच शब्दांनी क्षमा मागून मोकळा होतो. घास मुलाने स्वतःच, हावेने किंवा अजाणतेपणी, उचललेला आहे असे या वाक्प्रचारात गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील शाळकरी मुलांनी बंदुकीच्या हिंसेविरुद्ध उभारलेल्या चळवळीचा नैतिक विचार करताना आधी हे गृहीतकच बाजूला ठेवावे लागते, कारण तेथे तो घास मुलांनी उचललेला नाही, तो त्यांच्या तोंडात कोंबला गेला आहे.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडा राज्यातील पार्कलँड येथील मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारात १४ विद्यार्थी आणि ३ कर्मचारी असे १७ जण मृत्युमुखी पडले. मारेकरी १९ वर्षांचा, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता आणि त्याने वापरलेली रायफल त्याने कायदेशीर मार्गाने विकत घेतलेली होती. परवानाधारक दुकानदाराने २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकू नये, असा अमेरिकेच्या संघराज्याचा कायदा १९६८ पासून आहे. रायफलसाठी मात्र वयाची अट १८ वर्षांचीच होती, त्यामुळे ज्या तरुणाला दुकानातून पिस्तूल मिळाले नसते त्याला त्याहून कितीतरी घातक शस्त्र मिळू शकले. कायद्यातील ही विसंगती दाखवून देण्याचे काम लोकप्रतिनिधींचे होते, पण ते वर्गमित्रांच्या अंत्यविधीहून परतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना करावे लागले.

त्यानंतर साडेपाच आठवड्यांच्या आत, २४ मार्च रोजी, ‘मार्च फॉर अवर लाइव्ह्ज’, म्हणजे ‘आमच्या जिवांसाठी मोर्चा’, या नावाने वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा समुदाय जमला आणि त्या व्यासपीठावर राजकारण्यांना भाषणासाठी जागा देण्यात आली नाही. पार्कलँडच्या विद्यार्थी एक्स गोन्झालेझ (तेव्हाचे नाव एमा) यांनी मृतांची नावे उच्चारली आणि मग चार मिनिटांहून अधिक काळ त्या एक शब्दही न बोलता उभ्या राहिल्या. व्यासपीठावर येण्यापासून मोजलेला त्यांचा एकूण वेळ सुमारे सहा मिनिटे वीस सेकंद, म्हणजे मारेकऱ्याने शाळेत घेतला तेवढाच, ठेवलेला होता. या मौनाविषयी खूप लिहिले गेले असले तरी त्याचा एक अर्थ सहसा नजरेतून सुटतो. अमेरिकी शाळांत ‘लॉकडाउन ड्रिल’ नावाचा सराव घेतला जातो, त्यात वर्गाचे दार आतून लावून, दिवे मालवून मुलांनी दाराच्या नजरेआड होईल अशा कोपऱ्यात बसायचे असते आणि बाहेरून कोणी येवो, आवाज काढायचा नसतो. जिवंत राहण्यासाठी गप्प राहण्याचे शिक्षण ज्या पिढीला पाटी-पेन्सिलीबरोबर मिळाले, त्या पिढीने तेच गप्प राहणे लाखो लोकांपुढे उभे केले, आणि समोरच्या प्रौढांना ती शांतता सोसवेना, हे त्या दिवसाच्या चित्रफितीत आजही दिसते.

प्रौढांनी यावर दिलेला प्रतिसाद मुख्यतः कौतुकाचा होता, आणि चिंता वाटावी ती या कौतुकाचीच. ‘ही मुलेच आता देश बदलतील’ असे म्हणणारा मतदार किंवा आमदार वरकरणी मुलांना मान देत असतो, प्रत्यक्षात तो आपल्याकडचे काम, ज्यांना अजून मताचा अधिकारही नाही त्यांच्या अंगावर ढकलत असतो. घराला आग लागली असता पाण्याची बादली घेऊन धावणाऱ्या मुलाच्या धैर्याची अंगणात उभे राहून वाखाणणी करणाऱ्या बापाला कोणी भला म्हणणार नाही. कौतुक फुकट असते, त्यामुळे ते भरपूर मिळते.

टीकाकारांनी दुसरे टोक गाठले. दुःखाने विद्ध झालेल्या मुलांनी कायद्याच्या प्रश्नात पडू नये, कारण शोक हा काही युक्तिवाद नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यातला अर्धा भाग खरा आहे. सोसलेल्या दुःखाने माणसाला ऐकले जाण्याचा हक्क मिळतो, आपले उत्तर बरोबरच ठरावे असा हक्क मिळत नाही. परंतु पार्कलँडच्या विद्यार्थ्यांनी केवळ शोक मांडला नव्हता. खरेदीचे वय, खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी, युद्धोपयोगी धर्तीच्या रायफलींची विक्री असे नेमके मुद्दे घेऊन ते राज्याच्या राजधानीत, टॅलहासीला, गेले होते. शस्त्रधारकांच्या बाजूने झुकलेल्या त्याच विधिमंडळाने तीन आठवड्यांत कायदा संमत केला आणि ९ मार्च रोजी राज्यपाल रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. बंदूक विकत घेण्याचे किमान वय २१ झाले आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीची शस्त्रे पोलिसांच्या अर्जावरून न्यायालयाने तात्पुरती काढून घ्यावीत, अशी तरतूद आली. त्याच कायद्याने शाळेतील काही कर्मचाऱ्यांना सशस्त्र करण्याची मुभाही दिली, जी चळवळीतल्या मुलांना मान्य नव्हती. म्हणजे पहिल्याच यशात त्यांच्या पदरी तडजोडही पडली.

राष्ट्रीय रायफल संघटनेने या वयोमर्यादेला त्याच दिवशी न्यायालयात आव्हान दिले. जो अठराव्या वर्षी मत देतो, सैन्यात भरती होतो, त्याला १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने मान्य केलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क नाकारणे अन्याय्य आहे, हा तिचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मात्र सैनिकाच्या हाती शस्त्र येते ते शिस्त, प्रशिक्षण आणि वरिष्ठाची आज्ञा यांच्या चौकटीत, आणि दुकानातून घरी नेलेल्या रायफलीभोवती अशी कोणतीही चौकट नसते. मार्च २०२५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही वयोमर्यादा वैध ठरवली.

या चळवळीचा सर्वांत अवघड, आणि म्हणून सर्वांत मोलाचा, भाग मात्र वेगळाच आहे. शिकागोत २९ जानेवारी २०१३ रोजी हदिया पेंडलटन ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय विद्यार्थिनी एका बागेत मैत्रिणींसह पावसापासून आडोसा घेऊन उभी असताना, दुसऱ्याच कोणासाठी झाडलेल्या गोळीने मारली गेली. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या सोहळ्यानिमित्त शाळेच्या पथकाबरोबर ती वॉशिंग्टनला जाऊन आली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तिच्या मित्रमैत्रिणींनी आठवणीसाठी नारिंगी रंग निवडला, कारण जंगलात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी आपल्याला लागू नये म्हणून शिकारी तो रंग अंगावर घालतात. आपण माणसे आहोत, सावज नव्हे, हे सांगण्यासाठी शहरातल्या मुलांना शिकाऱ्याचा पोशाख आठवावा लागला. आज हाच रंग देशभर बंदूकविरोधी चळवळीची खूण आहे आणि हदियाचा जन्मदिवस २ जून असल्याने जूनचा पहिला शुक्रवार जागृती दिन म्हणून पाळला जातो. शिकागोच्या या मुलांनी पार्कलँडच्या पाच वर्षे आधी आवाज उठवला होता, तेव्हा दूरचित्रवाणीचे कॅमेरे इतक्या संख्येने आले नव्हते. हे पार्कलँडच्या मुलांच्या लक्षात आले, त्यांनी शिकागोच्या तरुणांना बोलावून घेऊन त्यांच्याशी चर्चा केली आणि वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर त्यांना जागा दिली. तेथेच नाओमी वॉडलर या ११ वर्षांच्या मुलीने, ज्या कृष्णवर्णीय मुलींच्या हत्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत त्यांच्या वतीने भाषण केले. आपल्या वाट्याला आलेला प्रकाश थोडा बाजूला सरकवून दुसऱ्यावर पडू देणे ही गोष्ट मुरलेल्या पुढाऱ्यांना साधत नाही, ती या मुलांना साधली.

अमेरिकेत एक ते एकोणीस या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण २०२० पासून बंदूक हे ठरले आहे. त्यापूर्वी ते स्थान मोटार अपघातांचे होते. न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात वाढणारी मराठी घरांतील मुले याच शाळांत जातात, हाच सराव करतात आणि त्याविषयी घरी फारसे बोलत नाहीत. त्यांच्या आईवडिलांपैकी ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्यांना दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृहासाठी मत देता येते. त्या मतासाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. लॉकडाउन ड्रिल पुष्कळ शाळांत बालवाडीपासूनच सुरू होते.