दैवाचे बी, पुरुषकाराचे शेत

दैव श्रेष्ठ की पुरुषकार, असा प्रश्न युधिष्ठिराने भीष्मांस केल्याचे महाभारताच्या अनुशासनपर्वात आले आहे. उत्तरादाखल भीष्म त्याला वसिष्ठ आणि ब्रह्मदेव यांचा संवाद सांगतात. त्यात पुरुषकाराला शेत म्हटले आहे आणि दैवाला बी. दोहोंचा संयोग झाला म्हणजे पीक. पुढे विवेचनाचा कल प्रयत्नाकडे झुकतो आणि प्रयत्नावाचून दैव पांगळे, असा निर्वाळा मिळतो. हा निर्वाळा आम्हां नोकरदार माणसांना फार मानवतो. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार पडला की आपण शेत किती खोल नांगरले होते, हे प्रत्येकाला आठवते. बी कोठून आले, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

हाच विचार अलीकडे नव्या वेषात फिरतो आहे. आपले नशीब आपणच घडवा, असे सांगणारी पुस्तके रेल्वे स्थानकांवर मिळतात, आणि कंपन्यांतून नव्या उमेदवारांपुढे याच विषयावर व्याख्याने होतात. त्यांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. रिचर्ड वाइझमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. त्याने स्वतःस सुदैवी व दुर्दैवी म्हणविणाऱ्या लोकांच्या हाती एक वर्तमानपत्र दिले आणि त्यातील छायाचित्रे मोजावयास सांगितली. दुसऱ्याच पानावर मोठ्या ठळक अक्षरांत छापले होते की, मोजणे थांबवा, यात ४३ छायाचित्रे आहेत. सुदैवी मंडळींना तो मजकूर बहुधा दिसला. दुर्दैवी म्हणविणारे मोजण्यातच गुंतून राहिले. डोळे उघडे ठेवणे हाही पुरुषकारच, आणि तो शिकता येतो. पण वर्तमानपत्र दोघांच्याही हाती सारखेच दिलेले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

बडोद्याच्या माणसाने दैवाविषयी लिहावे आणि सयाजीराव महाराजांचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यावयाचा होता, म्हणून नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून गायकवाड घराण्यातली काही मुले आणविण्यात आली. त्यांतून बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड झाली. कशासाठी आलास, असे विचारता त्याने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, ही आख्यायिका आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. ती खरी धरली तरी एवढेच दिसते की मुलगा धीट होता. त्या दिवशी जे त्याच्या पदरात पडले, त्यात त्याचे कर्तृत्व काय होते? मात्र त्या दिवसापासून १८८१ साली राज्याची पूर्ण सूत्रे हाती येईपर्यंतची वर्षे आम्हांस अधिक महत्त्वाची वाटतात. शेतकऱ्याच्या घरातला तो मुलगा इलियट साहेबांच्या हाताखाली बसून मराठी, गुजराती, इंग्रजी शिकला, दिवाण टी. माधवराव यांच्याकडून राज्यकारभार शिकला. बी आधी पडले आणि शेत मागाहून नांगरले गेले, असा हा उलटा प्रकार. पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपल्याला अकल्पित लाभलेली संधी इतरांना नियमाने मिळावी, ही इच्छा त्यामागे असावी, असा आमचा तर्क आहे. त्याला पुरावा मागू नये.

आता थोडे आमच्या खात्याविषयी. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला. राज्यभरातील महसुली नोकरवर्गास तिकडे धाडण्यात आले, त्यांत आम्हीही होतो. आमच्या तुकडीत एक तरुण नायब मामलतदार होते. दुष्काळाच्या वर्षांतील मदतीचे जुने ठराव आणि परिपत्रके त्यांनी हौसेने एका वहीत उतरवून ठेवली होती. कॅश डोल कोणास द्यावयाची, पंचनाम्यावर कोणाच्या सह्या हव्यात, या प्रश्नांवर जेथे आम्ही वरिष्ठही अडत होतो, तेथे ते वही काढीत. दोन आठवड्यांत त्यांचे नाव गांधीनगरपर्यंत पोचले आणि पुढील बढत्या त्यांना वेळेआधी मिळाल्या. नशीब स्वतः घडविल्याचे याहून चोख उदाहरण आम्ही पाहिले नाही. पण त्याच कचेरीत तशीच वही बाळगणारे आणखी एक गृहस्थ होते. त्यांच्या आई त्या महिन्यात अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून ते गेले नाहीत. त्यांची वही कोणी उघडली नाही, आणि ते होते त्याच पदावरून निवृत्त झाले. शिवाय ज्या संधीने एकाचे नाव झाले, ती हजारो घरांच्या ढिगाऱ्यातून आलेली होती. ते तरुण अधिकारी स्वतः हे जाणून होते. अभिनंदन केले की ते विषय बदलीत.

येथवर दैव म्हणजे निव्वळ योगायोग, असे धरून आम्ही चाललो. परंतु पुष्कळदा ज्याला दैव म्हणतात ते माणसांनीच उघडलेले किंवा लावून घेतलेले दार असते. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. एवढे शिकलेला मनुष्य त्या काळी राज्यात क्वचितच असेल. वाइझमनच्या वर्तमानपत्रातली प्रत्येक ओळ त्यांनी वाचली असती. पण या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी पथिकाश्रमात उतरले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. कमाटी बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. आपले नशीब घडविण्यात ते कोठे कमी पडले होते? आणि ज्यांनी त्यांना दार उघडले नाही, त्यांत आमच्यासारख्या जुन्या मराठी घराण्यांचे वाडेही होते, हे आम्ही सोयीने विसरतो. दिवाणखान्यात सयाजीरावांची तसबीर लावताना त्यांच्या राजधानीचे हे वर्तनही आठवले पाहिजे.

म्हणून ‘मी माझे नशीब घडविले’ हे वाक्य ऐकले की आम्हांस त्यातल्या बढाईहून त्याच्या पुढच्या वाक्याचे भय वाटते. ज्याला मिळाले नाही, त्याने ते घडविले नाही, असे ते पुढचे वाक्य असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनात ते रुजले म्हणजे त्याचा हात आखडतो. सरकारी नोकरास बाहेरच्या जागेसाठी अर्ज करावयाचा तर तो योग्य मार्गे, म्हणजे वरिष्ठांच्या शिफारशीसह, पाठवावा लागतो. असा कागद एका मेजावर आठ दिवस राहिला की मुदत टळते. तो कोणी मुद्दाम अडविलेला असतो असेही नाही. मेजावरच्या माणसाला त्याची निकड वाटत नाही, इतकेच. अर्जदार मात्र जन्मभर नशिबाला बोल लावीत राहतो.

आमच्या उमेदवारीच्या काळात आम्हांस एक गुजराती साहेब लाभले होते. स्वभावाने तापट, बोलणे तुटक, कौतुकाचा शब्द कधी तोंडातून निघाला नाही. सकाळी कचेरीत आले की चहा येण्यापूर्वी ते शिरस्तेदाराला हाक मारून ‘बाहेर जायचे अर्ज’ मागवीत आणि सर्वांवर सही करून मगच इतर टपाल उघडीत. चांगली माणसे अशाने हातची जातील, असे शिरस्तेदार एकदा म्हणाले. साहेबांनी मान वर न करता पुढचा अर्ज ओढून घेतला.