सरपण रचावे कशासाठी?

जी वस्तू उद्या जळून राख व्हावयाची, ती आज नीट रचून ठेवण्यात काय अर्थ आहे? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु आपल्या बहुतेक नित्यकर्मांस तो लागू पडतो. शिजविलेले अन्न संपते, झाडलेले अंगण पुन्हा मळते. तरीही ही कामे नीटच करावीत असे आपण म्हणतो, ते कोणत्या आधारावर?

यवतमाळ जिल्ह्यातील साग, धावडा व ऐन यांच्या रानालगत लोहाऱ्यासारखी जी गावे आहेत, तेथील चुलीचा संसार पाहावा. जाणता मनुष्य मृगापूर्वी सरपण रचतो. ओल व वाळवी लागू नये म्हणून तो तळाशी दगड मांडतो. वारा खेळावा म्हणून लाकडांत फट ठेवतो. थप्पी ढासळू नये म्हणून कडेची लाकडे आडवी-उभी घालतो. नुसत्या ढिगात विंचूकाटा दडतो आणि तळचे लाकूड भिजून धुमसते. पण त्या धुराचा दंड ढीग टाकणाऱ्यास होत नाही. तो चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांस व छातीस होतो. तेव्हा येथे नीटनेटकेपणा हा शोभेचा विषय नसून न्यायाचा आहे.

यावर कोणी म्हणेल की, नीटनेटकेपणात मिरविण्याची हौसही असते. ते खरे आहे. २०१३ साली नॉर्वे देशात जळाऊ लाकडावर बारा तासांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम झाला, तेव्हा साल वरच्या अंगास ठेवावी की खालच्या, यावरून प्रेक्षकांत वाद माजला! परंतु हौस व निगा यांतील भेद ओळखणे कठीण नाही. थप्पीच्या मागील बाजूचे लाकूड ओढून पाहावे. तेही कोरडे असेल तर ती निगा, दर्शनी ओळच तेवढी कोरडी असेल तर ते प्रदर्शन.

आणखी एक गोष्ट आहे. रान कोणाचे, हा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून कायदेभंग केला; लोहाऱ्याच्या रानातही त्याच महिन्यात सत्याग्रह झाला. ज्या रानावरील हक्कासाठी माणसे तुरुंगात गेली, तेथून आणलेल्या लाकडाचा हिशेब राखणे हे त्या हक्कामागचे कर्तव्य होय. ढिगात किती आहे ते कळत नाही, म्हणून कुऱ्हाड पुन्हा उचलली जाते. रचलेल्या सरपणात शिल्लक डोळ्यांस दिसते व हात आवरतो.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेपासून पुष्कळ गरीब घरांत गॅस आला. तरी टाकी पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्यामुळे अनेक ठिकाणी चूल विझलेली नाही. आणि ती विझली तरी मूळ प्रश्न उरेलच. वस्तू नाशवंत असते. तिच्याशी आपण कसे वागलो याचे फळ मात्र दुसऱ्याच्या वाट्यास जाते. लाकूड जळून जाईल हे खरे. पण ते धुराविना जळावे, एवढे तर रचणाऱ्याच्या हाती आहे.